जिलेटिनमध्ये अचूक जाणारी सुई लिव्हरमध्ये का चुकते

तुमचा प्रश्न मला असा समजला. तुमच्या गटाने सुईला वाट दाखवणारी नेव्हिगेशन यंत्रणा तयार केली आहे. सीटीवर गाठ निवडायची, वाट आखायची, मग कॅमेरा सुईच्या मुठीवरचे चकाकणारे गोळे बघून सुई कुठे आहे ते पडद्यावर दाखवत राहतो. जिलेटिनच्या ठोकळ्यात सुई ठरवलेल्या बिंदूच्या दीड मिलिमीटरच्या आत पोचते. पण पहिल्या काही रुग्णांमध्ये, लिव्हरमधल्या गाठींच्या वेळी, ती सहा-सात मिलिमीटर बाजूला गेली. आणि प्रत्येक वेळी पडद्यावर मात्र सगळं जागच्या जागी दिसत होतं. आता कॅमेरा काढून चुंबकीय ट्रॅकर (चुंबकीय क्षेत्राने सुईची जागा ओळखणारं यंत्र) घ्यावा की सुई धरायला रोबोटचा हात आणावा, असं तुम्ही विचारलं आहे.

माझं मत विचाराल तर तूर्तास दोन्ही नको. मी इंजिनिअर नाही. गेली अठरा वर्षं सीटी आणि सोनोग्राफीखाली सुया घालणारी रेडिओलॉजिस्ट आहे. या काळात तीन वेगवेगळ्या यंत्रणा वापरल्या. एकीशी छान जमलं, एकीशी रोज भांडण व्हायचं, आणि तिसरी सध्या कपाटात आहे. म्हणजे मी जे सांगते ते सुईच्या मुठीकडच्या बाजूने. तुमच्या गणितात मी लुडबुड करणार नाही, एक छोटी बेरीज सोडून.

तुमची यंत्रणा सांगते की खोलीत सुई कुठे आहे. मला कळायला हवं असतं ते हे, की सुईचं टोक आत्ता, या क्षणी, गाठीपासून किती लांब आहे. जिलेटिनमध्ये हे दोन्ही प्रश्न एकच होऊन जातात. ठोकळा श्वास घेत नाही, कुशीवर वळत नाही, सुई टेकली की दचकत नाही. त्याला कातडी नाही, स्नायूवरचा चिवट पडदा नाही, लिव्हरभोवतीचं आवरण नाही. ठोकळ्यात तुम्ही ट्रॅकर, म्हणजे सुईचा माग ठेवणारा तुमचा कॅमेरा, तपासलात, आणि तो चांगला निघाला. रुग्णामध्ये ट्रॅकरखेरीज आणखी तीन-चार गोष्टींची परीक्षा झाली, त्यांच्यासाठी अजून काही बांधलेलंच नाही.

आता ती बेरीज. समजा ट्रॅकरची चूक दीड मिलिमीटर, सीटीचं चित्र आणि रुग्णाचं शरीर जुळवण्यातली चूक दोन, सुई वाकण्याची तीन आणि श्वासामुळे गाठ सरकण्याची पाच. हे आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत, तुमचे वेगळे निघतील. या चुका एकमेकींशी संबंध नसलेल्या धरल्या, तर त्या वर्ग करून मिळवायच्या आणि वर्गमूळ काढायचं. उत्तर येतं साधारण ६.३ मिलिमीटर, म्हणजे तुम्हाला दिसतंय तेवढंच. आता नवा ट्रॅकर आणून त्याची चूक निम्मी करा. उत्तर येतं ६.२. एवढ्या खटाटोपातून एक दशांश मिलिमीटर मिळाला. त्याऐवजी श्वासाची चूक पाचवरून अडीचवर आणा, तर एकूण चूक ४.६ वर येते. श्वासाची चूक खरं तर अशी मोकाट नसतेच, ती बहुतेक वेळा एकाच दिशेची असते, म्हणून प्रत्यक्षात ती या हिशोबापेक्षाही जास्त बोचते.

म्हणून सुरुवात श्वासापासून करू. शांत श्वासातही लिव्हर डोक्याकडून पायाकडे एक ते दोन सेंटीमीटर हलतं, दीर्घ श्वासात त्याहून जास्त. तुमचं नियोजनाचं सीटी हे त्या झोक्यातल्या एका क्षणाचं छायाचित्र. पुढचा अर्धा तास तुम्ही त्या एका क्षणाच्या भरवशावर सुई ढकलत असता. पडद्यावरची गाठ हलत नाही, कारण ती छायाचित्रातली आहे. पोटातली हलते.

एक प्रसंग सांगते. लिव्हरच्या घुमटाशी, डायाफ्रामच्या (छाती आणि पोट यांच्यामधल्या स्नायूच्या पडद्याच्या) लगत, चौदा मिलिमीटरची गाठ होती. रुग्ण मध्यमवयीन बाई, भूल फक्त जागेवरची. नियोजनाच्या वेळी ‘श्वास सोडा, आता धरा’ म्हटल्यावर त्यांनी अगदी नीट सोडला आणि धरला. सुई आवरणापाशी पोचली तेव्हाही मी तेच शब्द उच्चारले. पण आवरणाला सुई टेकली की दुखतं. त्यांनी आवंढा गिळला, अर्धा श्वास आत घेतला आणि तिथेच धरला. मी सुई पुढे केली. पडद्यावर टोक गाठीच्या बरोबर मध्यभागी. तपासणीचा सीटी काढला, तर टोक गाठीच्या नऊ मिलिमीटर वर, डायाफ्रामला टेकायच्या बेतात. कारण उघड होतं. अर्ध्या श्वासात लिव्हर खाली सरकलं होतं, गाठही त्याच्याबरोबर खाली गेली होती आणि मी जुन्या पत्त्यावर सुई पोचवली होती. त्या बाईंनी श्वास सोडल्यावर लिव्हर सुईसकट वर आलं, चूक मात्र तशीच राहिली. यंत्राने जे सांगितलं ते खरंच होतं. सुई खोलीतल्या त्याच बिंदूवर होती. बिंदूवर गाठ नव्हती, एवढंच.

त्यानंतर मी दोन गोष्टी बदलल्या. पहिली म्हणजे जागेवरची भूल थेट लिव्हरच्या आवरणापर्यंत नीट देते, घाई करत नाही. वाचायला हे किरकोळ वाटेल, पण दुखलं नाही तर श्वास तोच राहतो. माझ्या हातून अचूकता वाढवणारी सगळ्यात स्वस्त गोष्ट हीच ठरली. दुसरी म्हणजे नियोजन नेहमी श्वास सोडलेल्या स्थितीत करते. आत घेतलेला श्वास प्रत्येक वेळी कमीजास्त होतो. सहज सोडलेल्या श्वासाच्या शेवटी छाती जवळपास त्याच जागी येऊन थांबते. मुख्य काम सुरू करण्याआधी रुग्णाकडून तीन-चार वेळा सराव करून घेते. पोटावर एखादी खूण किंवा पट्टा लावून श्वासाची पातळी मोजता येते, पण कातडीची हालचाल आणि लिव्हरची हालचाल यांचं नातं पक्कं नसतं, हे लक्षात ठेवून.

पूर्ण भूल देऊन काम करत असाल तर हा प्रश्न फार सोपा होतो. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकचा गट लिव्हरच्या गाठी सुईतून उष्णता देऊन जाळताना नियोजनाचा सीटी, सुया घालणं आणि तपासणीचा सीटी या तिन्ही वेळी श्वासनळीतली नळी काही क्षण श्वास देणाऱ्या यंत्रापासून सोडवतो, म्हणजे फुप्फुसं दर वेळी एकाच पातळीला येऊन थांबतात. त्यांच्याकडे कॅमेऱ्यावर चालणारी नेव्हिगेशनच आहे, तुमच्यासारखीच. त्यांच्या यशात भूलतज्ज्ञाचा वाटा कॅमेऱ्यापेक्षा कमी नाही असं मी मानते. तुमचे रुग्ण जागे होते की भूल दिलेली, हे तुम्ही लिहिलेलं नाही. माझ्या उत्तरातलं निम्मं वजन त्यावर अवलंबून आहे.

दुसरा मुद्दा सुईचा. तुमचा कॅमेरा सुईची मूठ पाहतो आणि सुई सरळ आहे असं धरून टोकाची जागा काढतो. सुई सरळ नसते. बायॉप्सीच्या, म्हणजे तपासणीसाठी गाठीचा तुकडा काढण्याच्या, बहुतेक सुयांचं टोक तिरकं कापलेलं असतं. पुढे जाताना ऊतक त्या तिरक्या पृष्ठभागाला रेटतं आणि सुई त्या पृष्ठभागाच्या विरुद्ध बाजूला, म्हणजे टोकाची अणी ज्या अंगाला आहे तिकडे, वळत जाते. सुई जितकी बारीक आणि वाट जितकी लांब, तितका बाक जास्त. १८ गेजच्या सुईचा बाहेरचा व्यास सुमारे १.२७ मिलिमीटर असतो, २२ गेजचा ०.७२. गेजचा आकडा वाढला की सुई बारीक होते, हे नव्यांना नेहमी उलटं वाटतं. वाकण्याला होणारा विरोध व्यासाच्या चौथ्या घातावर जातो. भरीव दांडी धरून हिशोब केला, तर बारीक सुई जाड सुईपेक्षा जवळपास दहापट सहज वाकते. पोकळ नळीला आकडा थोडा बदलेल, अर्थ बदलत नाही.

तुम्ही जिलेटिनमध्ये कुठली सुई वापरलीत आणि रुग्णांमध्ये कुठली, हे तपासा. मी पाहिलेल्या एका गटाने ठोकळ्यात जाड सुई वापरून आकडे काढले होते आणि रुग्णात बारीक. मग महिनाभर सॉफ्टवेअरमधली चूक शोधत बसले.

या बाकावर उपाय आहेत. वाटेच्या मध्यावर सुई १८० अंशात फिरवली की पुढचा बाक उलट्या दिशेने पडतो आणि बरीच भरपाई होते. सगळ्या बाजूंनी सारखं, हिऱ्यासारखं घासलेलं टोक असलेली सुई जास्त सरळ जाते. मी स्वतः बहुतेक वेळा १७ गेजची बाहेरची सुई आधी गाठीच्या तोंडापर्यंत नेते, तिची जागा सीटीवर पाहते, आणि तिच्यातून १८ गेजची बायॉप्सीची सुई आत सोडते. बाहेरची सुई जाड, म्हणून कमी वाकते. एकदा ती बसली की तिच्यातून तीन-चार तुकडे घेता येतात, आवरणाला भोक मात्र एकच पडतं. हा बाक मुद्दाम वापरून सुई वळवत नेण्यावर संशोधकांनी पुष्कळ काम केलं आहे. तिरक्या टोकाची सुई फिरवत फिरवत ढकलली तर तिला वाटेत वळण देता येतं, साधारण सायकलचं हँडल वळवावं तसं. कल्पना सुंदर आहे. माझ्या रोजच्या कामात ती अजून आलेली नाही.

सुई आत शिरते तेव्हा ऊतकही गप्प बसत नाही. आवरणाला टोक टेकलं की आवरण आधी आत दबतं, जोर वाढत जातो, मग एकदम फुटून सुई पुढे झेपावते. हाताला तो ‘टक्’ स्पष्ट जाणवतो. त्याआधीच्या क्षणात लिव्हरचा तो भाग, आणि त्याच्याबरोबर गाठही, सुईच्या पुढे पुढे ढकलली गेलेली असते. फार हळू, भीत भीत ढकललं तर हे दबणं वाढतं, म्हणून आवरण ओलांडताना मी छोटा पण ठाम झटका देते. शिकाऊ डॉक्टर नेमके इथे कचरतात. काळजीपोटी हळू जातात आणि त्यानेच गाठ निसटते. घट्ट, गोलसर, चरबीने वेढलेल्या गाठी तर सुईच्या टोकावरून घरंगळल्यासारख्या बाजूला होतात.

सुईला यंत्राने वाट दाखवण्याची सुरुवात मेंदूपासून झाली, यात नवल नाही. हॉर्सली आणि क्लार्क यांनी १९०८ मध्ये प्राण्यांच्या मेंदूतल्या ठरलेल्या बिंदूवर सुई नेणारी चौकट बनवली. माणसासाठी स्पीगल आणि वायसिस यांची चौकट १९४७ मध्ये आली. १९८५ मध्ये प्युमा ५६० हा कारखान्यातला रोबोट सीटीच्या आधारे मेंदूच्या बायॉप्सीसाठी सुईची दिशा धरायला वापरला गेला. मेंदू कवटीच्या पेटीत बसलेला असतो आणि कवटीला चौकट घट्ट स्क्रूने आवळता येते. पोटाला स्क्रू कुठे लावणार? म्हणून मऊ अवयवांमध्ये जिथे हे तंत्र चांगलं चाललं तिथे कुणीतरी आधी अवयव धरून ठेवला आहे. स्तनाच्या स्टीरिओटॅक्टिक बायॉप्सीत स्तन दोन पट्ट्यांमध्ये दाबून स्थिर करतात, उजवीकडे आणि डावीकडे पंधरा अंश कलून दोन एक्स-रे घेतात आणि त्या दोन चित्रांमधल्या सरकण्यावरून खोली काढतात. गणित शाळेतल्या त्रिकोणमितीचं आहे. खरी कमाल त्या दाबपट्टीची.

आता जुळवणी, म्हणजे रजिस्ट्रेशन. इथे मला तुमच्याच क्षेत्रातली एक गोष्ट तुम्हाला सांगायचं धाडस करावं लागतंय. तुमच्या पडद्यावर हिरव्या रंगात जो ‘जुळवणीतली चूक ०.८ मिलिमीटर’ असा आकडा येतो, तो कातडीवरच्या खुणा एकमेकींशी किती जुळल्या ते सांगतो. गाठीपाशी किती चूक आहे ते सांगत नाही. फिट्झपॅट्रिक या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे गणिताने दाखवून दिलेलं आहे, की खुणांचा आकडा लहान आला म्हणून लक्ष्यापाशी चूक लहान असेल असा निष्कर्ष काढता येत नाही. खुणा सगळ्या पोटाच्या पुढच्या बाजूला चिकटवल्या आणि गाठ मागे पाठीकडे असली, तर जुळवणीतला बारीकसा कलही तिथे जाऊन मोठा होतो. एक अंशाची चूक दहा सेंटीमीटर खोलीवर पावणेदोन मिलिमीटर होते, पाच अंशांची जवळजवळ नऊ. म्हणून खुणा गाठीभोवती पसरून लावा, काही कुशीच्या मागेही. कातडीवरच्या खुणा श्वासाबरोबर आणि रुग्णाच्या कण्हण्याबरोबरही सरकतात, हे वेगळंच. तो हिरवा आकडा पाहून माझे सहकारी निर्धास्त होतात. मला तो लाल रंगात दाखवलेला आवडेल.

तर इथवरचं एका दमात: तुमच्या सहा-सात मिलिमीटरांत माझ्या अंदाजाने सगळ्यात मोठा वाटा श्वासाचा, मग सुईच्या बाकाचा, मग जुळवणीचा, आणि कॅमेऱ्याचा सगळ्यात कमी. अंदाज म्हणतेय, कारण मोजलेलं नाही. मोजायचं कसं ते पुढे सांगते, आधी तुम्ही विचारलेल्या दोन खरेद्यांबद्दल.

चुंबकीय ट्रॅकरचा खरा फायदा असा की त्याची वेटोळी सुईच्या टोकाजवळ बसवता येते. त्यामुळे बाकाची चूक बऱ्याच अंशी मिटते, आणि कॅमेऱ्यासमोर कुणाचं डोकं आलं की चित्र गोठण्याचा त्रासही जातो. पण चुंबकीय क्षेत्र धातूने विस्कटतं. सीटीचं टेबल, गॅन्ट्री (सीटीचं मोठं कडं), शेजारची लोखंडी ट्रॉली, सगळं त्याच्या वाटेत येतं. आणि क्षेत्र तयार करणारा डबा रुग्णाजवळ, अर्ध्या मीटरच्या आसपास ठेवावा लागतो, नेमका तिथे जिथे माझा हात असतो. तुमच्या मोजणीत सुईचा बाक मोठा निघाला तर हा बदल करण्यात अर्थ आहे. श्वास मोठा निघाला तर तुम्ही जुना पत्ता आणखी नेमकेपणाने गाठाल.

रोबोटबद्दलही तेच, एका फरकाने. रोबोट कोन अतिशय चांगला धरतो. डायाफ्रामखालच्या गाठीकडे फुप्फुस टाळून, डोक्याच्या दिशेने तिरकं जायचं असतं, तेव्हा सुई सीटीच्या एका छेदात, म्हणजे एका आडव्या कापाच्या चित्रात, मावत नाही आणि हाताने दोन कोन एकदम सांभाळणं कठीण जातं. अशा वाटांना कॉम्प्युटरची मदत खरोखर मोलाची आहे, एकाच गाठीत पाच-सहा सुया समांतर घालायच्या असतील तेव्हाही. पण लिव्हरमध्ये शिरलेली सुई लिव्हरबरोबर झुलायला मोकळी हवी. रोबोटने ती घट्ट धरून ठेवली आणि रुग्णाने श्वास घेतला, तर आवरण फाटू शकतं. म्हणून हात सुईला दिशा देईल, नेईल, पण मग सोडून देईल अशी सोय असलेलाच घ्या. फासळ्यांमधून जाताना सुई खालच्या फासळीच्या वरच्या कडेलगत न्यावी लागते, कारण वरच्या फासळीच्या खालच्या कडेखाली रक्तवाहिन्या आणि नस असते. ही गोष्ट वाट आखणाऱ्या सॉफ्टवेअरला शिकवली आहे ना, तेही पाहा.

एक गोष्ट तुम्हाला कदाचित आवडणार नाही. गाठ सोनोग्राफीवर स्पष्ट दिसत असेल, तर मी नेव्हिगेशन सुरूच करत नाही. सोनोग्राफी आत्ताचं चित्र दाखवते. गाठ हलते तेव्हा पडद्यावरही हलते, सुई वाकते तेव्हा वाकलेली दिसते. तिच्याही खोड्या आहेत. यंत्र आवाजाचा वेग सरसकट १५४० मीटर प्रतिसेकंद धरून अंतर काढतं, चरबीत तो त्याहून कमी असतो. किरणाच्या पातळीतून सुई जराशी बाहेर गेली की मधली दांडीच टोक वाटायला लागते. तरी जिवंत चित्र ते जिवंत चित्र. तुमच्या यंत्रणेची खरी जागा सोनोग्राफीवर न दिसणाऱ्या गाठी, तिरक्या वाटा आणि अनेक सुया इथे आहे.

प्रोस्टेटचं उदाहरण याच वाटेवरचं. तिथे एमआरआयवर दिसणारी जागा सोनोग्राफीवर नीट दिसत नाही, म्हणून दोन्ही चित्रं एकावर एक बसवतात. गुदमार्गातला प्रोब प्रोस्टेटला दाबतो, त्यामुळे एमआरआयमधला आकार आणि समोरचा आकार जुळत नाहीत, आणि चित्र ताणून-वाकवून बसवावं लागतं. २०१८ च्या प्रिसिजन अभ्यासात पाचशे पुरुष होते. उपचाराच्या दृष्टीने महत्त्वाचा कर्करोग एमआरआयच्या आधाराने गेलेल्या गटात ३८ टक्के लोकांत सापडला, नेहमीच्या बायॉप्सीत २६ टक्के. हा आकडा नेव्हिगेशन विकणारे हटकून दाखवतात. पण त्या अभ्यासात सॉफ्टवेअरने चित्रं जुळवायची की डॉक्टरने एमआरआय पाहून नजरेने अंदाज बांधायचा, दोन्हींची मुभा होती. फायदा मुख्यतः कुठे टोचायचं ते कळण्यात होता.

आता मोजणी. पुढच्या प्रत्येक रुग्णात सुई बसल्यावर, काहीही जाळण्याआधी किंवा तुकडा घेण्याआधी, तपासणीचा सीटी काढला जातोच. तो नियोजनाच्याच श्वासपातळीला, दीड-दोन मिलिमीटरच्या छेदांनी घ्या. पाच मिलिमीटरच्या छेदांत दोन-तीन मिलिमीटरची चूक सहज लपते. खरं टोक कुठलं ते ओळखायला एक खूण आहे: सुईची पांढरी रेघ एकदम तुटते आणि तिच्या पुढे काळी सावली पडते. नुसती रेघ संपली आणि सावली नाही, तर बहुधा सुई छेदातून बाहेर गेली आहे.

मग तीन अंतरं वेगवेगळी लिहा. सुई बसवताना पडद्यावर दिसलेलं टोक आणि आखलेला बिंदू यांच्यातलं अंतर ही हाताची चूक, आणि ते अंतर तुमच्याकडे शून्याजवळ असेल. पडद्यावरचं टोक आणि सीटीतलं खरं टोक यांच्यातलं अंतर ही बाक, ट्रॅकर आणि जुळवणी यांची मिळून चूक. आणि आखलेला बिंदू व आत्ताची गाठ यांच्यातलं अंतर ही गाठ सरकल्याची चूक. दोन्ही सीटी जुळवताना फासळ्या किंवा मणका जुळवू नका, ते लिव्हरबरोबर हलत नाहीत. दुसऱ्या अंतरासाठी सीटी खोलीच्या चौकटीत ठेवा, तिसऱ्यासाठी लिव्हरमधल्या रक्तवाहिन्यांचे फाटे पकडून गाठीची नवी जागा काढा. एक सापळा आहे: सुई घालताना रुग्णाने चुकीच्या पातळीला श्वास धरला असेल आणि तपासणीच्या वेळी बरोबर पातळीला, तर लिव्हर सुईला घेऊन परत आलेलं असतं. मग सरकण्याची चूक तिसऱ्या अंतरात दिसत नाही, दुसऱ्यात जाऊन बसते आणि बिचारा ट्रॅकर बदनाम होतो. माझ्या त्या नऊ मिलिमीटरांचं असंच झालं असतं. म्हणून सुई पुढे सरकत असतानाची श्वासपातळी पट्ट्याने नोंदवून ठेवा, ती नोंद नसेल तर बाकीचे आकडे वाचता येत नाहीत.

प्रत्येक अंतराचे पुन्हा दोन भाग करा, सुईच्या दिशेने किती आणि आडवं किती. डॉक्टरच्या दृष्टीने या दोन चुका सारख्या नाहीत. सुई तीन मिलिमीटर मागे राहिली तर मी ती पुढे करते, संपलं. तीन मिलिमीटर आडवी असेल तर मागे खेचून पुन्हा शिरावं लागतं, म्हणजे आवरणाला कदाचित आणखी एक भोक. नेहमीच्या बायॉप्सी गनची सुई साधारण बावीस मिलिमीटर पुढे झेपावते, त्यामुळे दोन सेंटीमीटरच्या गाठीत खोलीची थोडी चूक पचून जाते. एक मात्र पाहावं लागतं, झेपेच्या शेवटी पुढे मोठी रक्तवाहिनी येत नाही ना. गाठ जाळायची असेल तर गोष्ट वेगळी. तिथे गाठीभोवती सगळीकडून निदान पाच मिलिमीटर, शक्य असेल तर दहा मिलिमीटर निरोगी कड जाळली जायला हवी. सहा मिलिमीटर आडवी चूक म्हणजे एका बाजूची कड गेलीच. ‘किती अचूकता पुरेशी’ हा प्रश्न तुमच्या अहवालात एकाच आकड्याने सोडवलेला दिसतो. बायॉप्सी आणि जाळणं यांचे निकष वेगळे ठेवा आणि सरासरीबरोबर सगळ्यात वाईट तीन रुग्णही दाखवा. सरासरी चार असलेल्या यंत्रणेत एखादा बारा लपलेला असतो, आणि मला भीती त्या बाराची वाटते.

तुमच्या पडद्यात एक बदल सुचवते, पैसे न लागणारा. नियोजनाचं चित्र किती मिनिटांपूर्वीचं आहे आणि श्वासाची आत्ताची पातळी त्या चित्रापासून किती दूर आहे, या दोन गोष्टी टोकाच्या शेजारी मोठ्या अक्षरांत दाखवा. पातळी जुळत नसेल तेव्हा गाठीचा ठळक गोळा पुसट करा. माझ्यासमोर ठळक गोळा असला की माझा हात पुढे जातो, कितीही अनुभव असला तरी.

पुढच्या पाच-सहा रुग्णांची ती तीन अंतरं, आडवी आणि सुईच्या दिशेची वेगळी करून, सुईचं गेज, वाटेची लांबी, रुग्ण जागा होता की भुलीखाली, आणि पट्ट्याची नोंद, एवढं इथे टाका. दुसरं अंतर मोठं असून पट्टा स्थिर असेल तर चुंबकीय ट्रॅकरबद्दल बोलू. पट्टा हललेला असेल तर आधी तुमच्या भूलतज्ज्ञांना बैठकीला बोलवा.